वैरण आपली होती

तंजावरला येऊन सात महिने झाले. भूदलाचा माणूस हवाई दलाच्या तळावर काय करतो, असं गावाकडून बऱ्याच जणांनी विचारलं. जमिनीवरच्यांचं म्हणणं आकाशातल्यांना समजावून सांगतो, एवढंच उत्तर देतो. त्यापलीकडे कामाविषयी इथे लिहायचं नाही, हा आपला पहिल्यापासूनचा नियम आहे. आज लिहितोय ते घोड्यांविषयी. म्हणजे सुरुवात तरी घोड्यांपासून.

खरं तर सुरुवात एका फोनपासून झाली. चिरंजीव यंदा बारावीला. तो आणि त्याची आई पुण्यात, मी इथे. एनडीएच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत मंगळवारी संध्याकाळी सहाला संपणार होती. आदल्या आठवड्यातल्या बुधवारी मी सहज विचारलं, "फॉर्म भरलास ना?" पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, "बाबा, मी नाही भरणार. मला संख्याशास्त्र करायचंय."

ऑपरेशनच्या वेळी डोकं शांत ठेवायला सैन्य शिकवतं, मुलाशी बोलताना मात्र ते शिक्षण कामाला येत नाही. मी म्हणालो, "चार पिढ्या झाल्या आपल्या घरात. रक्तातच आहे ते तुझ्या."

तो म्हणाला, "रक्त तुमचं असेल बाबा, पण वाढलो तर मी आईच्या हाताखाली."

त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. मी म्हणालो, "मग हे घराणं तुझ्यावर संपलं म्हणायचं." त्याने काही न बोलता फोन आईकडे दिला. तिनेही फक्त "जेवलात का?" एवढंच विचारलं. पुढचे चार दिवस आमचं बोलणं जेवणाखाण्याच्या पलीकडे गेलं नाही.

रविवारी सुट्टी होती. मेसमध्ये बसून पंख्याकडे पाहण्यापेक्षा बाहेर पडावं म्हणून राजवाड्यातल्या सरस्वती महालात गेलो. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५ मध्ये शेवटचे शिवाजीराजे वारले तोवर भोसल्यांची ही गादी टिकली. पण आज जगभरचे अभ्यासक तंजावरला येतात ते सरफोजीराजांनी वाढवलेल्या या ग्रंथालयासाठी. बाजूच्या छोट्या संग्रहालयात काही सचित्र पोथ्यांची पानं मांडलेली आहेत. त्यात हत्तीची आहेत, आणि घोड्यांची आहेत.

घोड्यांची पानं अश्वशास्त्राची. ग्रंथ नकुलाच्या नावावर सांगतात. पांडवांमधला घोड्यांचा जाणकार तोच. सरस्वती महालाने १९५२ साली तो छापलाही. चित्रातले घोडे निळसर, तांबडे, ठिपक्यांचे, मान वळवून उभे. कोणत्या रंगाचा घोडा कसा, कुठला भोवरा शुभ, कुठला अशुभ, चाल कशी, खुराक काय, याचं ते शास्त्र. सारंगखेड्याच्या बाजारात दत्तजयंतीला गेलेल्या वाचकांना हे नवं वाटणार नाही. तिथे आजही गिऱ्हाईक आधी दात बघतं आणि मग भोवरे मोजतं. देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का, हे विचारल्याशिवाय सौदा पुढे सरकत नाही. पलटणीतल्या जुन्या लोकांना 'सलोत्री' हा शब्दही आठवत असेल. घोड्यांच्या वैद्याला इंग्रजांच्या फौजेतसुद्धा सलोत्री म्हणत. तो शब्द आपल्या शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आलेला आहे.

मी बराच वेळ तिथे रेंगाळलेला पाहून एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. ते रोज ग्रंथालयात येऊन मोडी कागद वाचत बसतात. सगळे त्यांना 'राव' म्हणतात. तंजावरी मराठी घरातले. त्यांचं मराठी ऐकताना मध्येच एखादा शब्द आजीच्या पेटीतून काढल्यासारखा येतो आणि पुढचाच शब्द तमिळ असतो. ते मला म्हणाले, "तुमचं मराठी पुस्तकातलं. आमचं घरातलं." मग गाव विचारलं. मी सांगितलं, पारनेर तालुका, नगर जिल्हा. आता अहिल्यानगर. घोड्यांची आवड कुठली, असं विचारल्यावर पणजोबांचं सांगितलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते नगरच्या रिमाउंट डेपोत मोतद्दार होते. आजोबा शिपाई म्हणून इटलीपर्यंत जाऊन आले, वडील सुभेदार होऊन निवृत्त झाले, आणि मी एनडीएतून अधिकारी झालो. बुधवारी फोनवर ऐकवलेली चार पिढ्यांची यादी मी पुन्हा, आणि तशाच ऐटीत, म्हणून दाखवली.

राव हसले. म्हणाले, "घोडा इथे चित्रात चांगला राहतो. जमिनीवर राहत नाही."

मला आधी ते बोलणं नीट समजलं नाही. मग त्यांनी मार्को पोलोचं नाव काढलं.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या किनाऱ्यावर उतरला होता. तेव्हा इथे पांड्य राजांचं राज्य होतं. त्याने लिहून ठेवलंय की होर्मुझ, एडन अशा बंदरांतून दर वर्षी हजारो घोडे जहाजांनी इथे येतात, राजे त्यांच्यावर अफाट पैसा ओततात, आणि वर्ष संपता संपता त्यातले फार थोडे जिवंत राहतात. नालबंद नाहीत, निगा राखणारे नाहीत, खायला शिजवलेला भात आणि मांस. व्यापाऱ्यांना याचं दुःख नव्हतं, कारण घोडा मेला की पुढच्या वर्षी नवा खपणार. पण त्याचं याहून लक्षात राहणारं निरीक्षण पैदाशीविषयी आहे. इथे उत्तम घोडा उत्तम घोडीला दाखवला तरी होणारं शिंगरू खुरटं आणि वाकड्या पायांचं निपजतं, असं तो लिहितो.

त्या काळच्या प्रवाशांनी बऱ्याच थापा मारल्या आहेत, त्यामुळे हीही तशीच असेल असं मला वाटलं. संध्याकाळी रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमधल्या एका जुन्या कोर्समेटला फोन लावला. तो म्हणाला, थाप असेलच असं नाही. घोड्याच्या हाडांना चुना लागतो, म्हणजे कॅल्शियम. भाताचा कोंडा, धान्य यांत स्फुरद फार आणि कॅल्शियम कमी. अशा खुराकावर घोडा ठेवला की शरीर हाडांतलाच चुना काढून घेतं. हाडं मऊ होतात, घोडा लंगडतो, तोंडाची हाडं सुजतात. विलायतेत गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा आजार व्हायचा, कारण गिरणीत कोंडा फुकट. उष्ण प्रदेशातल्या काही गवतांत असे क्षार असतात की पोटात गेलेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. त्यात दमट उकाडा. घोडा घामाने अंग थंड करतो आणि इथल्या हवेत घाम वाळतच नाही. शेवटी तो म्हणाला, "बाप कितीही खानदानी आण, पोटातल्या आणि पाजवत्या शिंगराला घडवते ती आई, आणि आईला घडवते ती वैरण."

कावेरीचा हा प्रदेश भातासाठी घडलेला आहे. इथे अय्यनारच्या देवळांपुढे मातीचे मोठाले घोडे उभे असतात. कमरेला कागदी घोडा बांधून नाचायचा 'पोय्क्काल कुदिरै' हा खेळही इथलाच. तो मराठी राजांनी आणला असं इथले लोक सांगतात. मातीचा घोडा टिकला, कागदाचा टिकला. हाडामासाचा मात्र समुद्रापलीकडून दर वर्षी नव्याने आणावा लागला.

इंग्रजांनाही हा प्रश्न चुकला नाही. फौज वाढली तसे घोडे हवे झाले. कंपनीने अठराव्या शतकाच्या शेवटी बिहारात पूसा इथे घोड्यांची पैदास सुरू केली. १८०८ साली तिथे विल्यम मूरक्रॉफ्ट हा विलायतेतला शिकलेला पशुवैद्य प्रमुख म्हणून आला. तो विलायती रक्ताला नावं ठेवणारा नव्हता. पण आल्या आल्या त्याने काम कशाला लावलं तर वैरणीला. पूसाच्या जमिनीत त्याने ओट पेरायला घेतले. चांगल्या घोड्यांच्या शोधात तो पुढे तिबेटात गेला, लडाखमार्गे बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परत येताना १८२५ मध्ये अफगाण मुलखात मेला. पूसाची घोड्यांची पैदास नंतर बंद झाली. त्याच जमिनीवर १९०५ मध्ये शेतीसंशोधनाची संस्था उभी राहिली. भूकंपानंतर ती दिल्लीला हलली तरी नाव पूसाच राहिलं.

मद्रास इलाख्यात कंपनीने १८२४ मध्ये घोड्यांसाठी जागा निवडली ती तंजावरच्या या सुपीक पट्ट्यात नाही, तर वर पठारावर, होसूरजवळ. तिथे हवा कोरडी आणि थंड. मार्को पोलोने पाचशे वर्षांपूर्वी लिहिलेलं कंपनीने निदान जागा निवडताना तरी पाळलं, असं म्हणायला हरकत नाही.

पण पुढे धोरण बदललं. मोठ्या सरकारी पागा खर्चिक ठरल्या. १८७० च्या दशकात त्या मोडीत निघाल्या आणि नवी पद्धत आली. सरकारने विलायतेतून थरोब्रेड घोडे आणायचे, नॉरफोक ट्रॉटर आणायचे, अरबी घोडे घ्यायचे, आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवायचे. गावकऱ्याने आपली घोडी आणून दाखवायची. साहेबाने पसंत केली तर तिच्यावर डाग द्यायचा. डागाच्या घोडीला सरकारी घोडा फुकट. शिंगरू मोठं झालं की सरकारचा खरेदी अधिकारी बघणार, पसंत पडलं तर फौजेत घेणार. कागदावर सोपी योजना. सरकारचा फक्त घोडा. बाकी घोडी, गोठा, वैरण, अकरा महिन्यांचा गाभण काळ, पुढची तीन वर्षं, हे सगळं शेतकऱ्याचं.

थरोब्रेड म्हणजे काय हे एनडीएत घोड्यावरून पडलेल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या वेळी माझ्या वाट्याला रेसकोर्सवरून निवृत्त झालेला एक उंच थरोब्रेड आला होता. त्याने मला तीनदा खाली टाकलं. उस्ताद म्हणायचे, "साब, ये खानदानी है, आप नये हैं." आज जगातले थरोब्रेड बापाकडून मागे मागे गेलं की इंग्लंडात आणलेल्या तीन पूर्वेकडच्या घोड्यांना जाऊन मिळतात, बायर्ली टर्क, डार्ले अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन. ही तीन नावं घोड्यांच्या जगात आपल्याकडच्या गोत्रासारखी सांगतात.

असाच एक सरकारी घोडा आमच्या घराण्याच्याही गोष्टीत आहे. ती गोष्ट मी आजीकडून ऐकली. आजीने ती तिच्या सासूकडून, म्हणजे माझ्या पणजीकडून ऐकलेली.

पणजोबा डेपोत मोतद्दार झाले तेव्हा घरी एक भीमथडी घोडी होती. बुटकी, काटक, पाठीवर धान्याची पोती घेऊन घाट चढणारी. भीमथडीच्या तट्टांवर मराठी फौजांनी उत्तर हिंदुस्थान पालथा घातला, हे आपण शाळेत वाचतो. या घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद मात्र अगदी अलीकडे झाली. तर पणजोबांनी साहेबाच्या हातापाया पडून घोडी पसंत करवून घेतली, तिच्यावर डाग पडला आणि विलायती घोडा दाखवला गेला. १९१७ साली शिंगरू झालं. उंच, लांब पायांचं, कपाळावर चांदणी. पणजोबा सुट्टीवर आले की गावभर मिरवायचे. "साहेबाच्या घोड्याचं आहे," म्हणायचे.

मग १९१८ उजाडलं. पाऊस गेला, आणि पावसाळा सरता सरता इन्फ्लुएंझाची साथ आली. पणजोबा डेपोत. घरी पणजी, दोन लहान मुलं, घोडी आणि ते लांब पायांचं शिंगरू. कडबा संपला तेव्हा तिने छपराचा पाचोळा उपसून घातला. घोडीला दूध राहिलं नाही तेव्हा मुलांच्या वाटच्या कण्यांतली पेज शिंगराला पाजली. तिने सगळ्यांना जगवलं. पण शिंगराचे पुढचे पाय जरा आत वळले ते वळलेच.

तीन वर्षांनी खरेदी अधिकारी आला. त्याने शिंगराला चालवून पाहिलं, गुडघ्यांवरून हात फिरवला आणि मान हलवली. नापास. पणजोबा घरी येऊन पणजीवर संतापले. एवढा राजासारखा बाप आणि तू त्याचं असं वाटोळं केलंस, म्हणाले. यावर पणजी एकच वाक्य बोलली आणि ते आमच्या घरात म्हणीसारखं राहिलं: "घोडा सरकारचा होता, वैरण आपली होती."

लहानपणी आम्ही ही म्हण भलत्याच ठिकाणी वापरायचो. परीक्षेत कमी मार्क पडले, की वैरण आपली होती. मला ती विनोदी वाटायची. पणजीचं ते उत्तर आहे, आणि चोख उत्तर आहे, हे तंजावरला येईपर्यंत मला कळलं नव्हतं.

त्या योजनेवर तेव्हाही टीका होत होती. विलायती घोड्याची उंची शिंगरात उतरते, पण छोट्या घोडीच्या पोटी आणि तुटपुंज्या वैरणीवर ते नुसतंच लांब पायांचं होतं, असं अनुभवी लोक म्हणत. विलायती चांगला की अरबी, यावर साहेबांचे वाद चालत. शेवटी फौजेने मोठ्या संख्येने घोडे आणले ते ऑस्ट्रेलियातून, जहाजांनी, बरेचसे मद्रासलाच उतरवून. म्हणजे पांड्य राजांच्या वाटेनेच. घोडीकडे आणि तिच्या मालकिणीकडे कोणी फारसं पाहिलं नाही.

गंमत अशी की ज्या विलायतेतून हे घोडे यायचे तिथल्या जाणकारांना घोडीचं महत्त्व पक्कं माहीत होतं. थरोब्रेडची वंशावळ ठेवणारं त्यांचं जनरल स्टड बुक १७९० च्या दशकात निघालं. ते उघडलं तर त्यात नोंदी लावलेल्या आहेत त्या घोड्यांच्या नावांनी नाहीत, घोड्यांच्या आयांच्या नावांनी आहेत. एकेक घोडी, आणि तिच्याखाली तिची शिंगरं. अरबस्तानातले बदाऊनही शिंगराचं कूळ आईकडून सांगतात. बापाच्या नावाचा डंका बाजारात वाजतो, पण हिशोबाची वही आईच्या नावाने असते.

त्या रविवारी दुपारी ग्रंथालयातून निघून मी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. प्राकाराच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशवृत्तान्त मराठीत कोरलेला आहे. सरफोजीराजांनी तो १८०३ मध्ये कोरून घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात तिकडे जालन्याजवळ असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांचा पराभव झाला होता. इकडे तंजावरच्या राजाच्या हातातून राज्यकारभार १७९९ च्या तहानेच गेला होता. किल्ला, नेमणूक आणि महसुलातला पाचवा हिस्सा, एवढंच उरलेलं. ज्याच्याकडे राज्य नाही तो वंशावळ दगडात कोरतो, असं मनात आलं. आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण बुधवारी फोनवर मी दुसरं काय केलं होतं?

पण सरफोजीराजांची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. ते या गादीला जन्मले नव्हते. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतलं. भाऊबंद अमरसिंगांनी दत्तकविधानावर आक्षेप घेतला, पंडितांकडून तो अमान्य ठरवून घेतला आणि गादी घेतली. मुलाला श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याने सांभाळलं, मद्रासला ठेवून शिकवलं. पुढे पुन्हा पंडितांची मतं घेतली गेली आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. म्हणजे ज्याच्या रक्तावरच दहा वर्षं वाद चालला, त्या माणसाने भोसल्यांच्या नावाला तंजावरात सर्वांत जास्त दिवस टिकणारी गोष्ट दिली. पोथ्या गोळा केल्या, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले, काशीयात्रेला गेले तिथूनही ग्रंथ आणले. हे त्यांनी कुठल्या रक्तातून आणलं, हे कुठल्याही पंडिताला सांगता येणार नाही. कोणी शिकवलं, ते मात्र सगळ्यांना माहीत आहे.

देवळाच्या हिरवळीवर बसून मी आमच्या घराची वही पणजीच्या नावापासून पुन्हा लिहून पाहिली. दुष्काळात दोन मुलं, घोडी आणि शिंगरू जगवणारी पणजी. आजोबा इटलीत असताना तीन वर्षं शेत एकटीने करणारी आजी. वडील सरहद्दीवर असताना मला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी तिन्ही शिकवून एनडीएच्या मुलाखतीला पाठवणारी आई. आणि माझी बायको. माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत तिने नऊ घरं लावली आणि नऊ घरं बांधून ट्रंकांत भरली. मी दोनदा काश्मिरात आणि एकदा ईशान्येत असताना चिरंजिवांचा ताप, गणित आणि अकरावीचा प्रवेश हे तिनेच पाहिलं. ती शाळेत गणित शिकवते. संध्याकाळी ती वह्या तपासायची तेव्हा तो शेजारी बसून मुलांच्या मार्कांचे आलेख काढायचा. मी सुट्टीवर आल्यावर त्याला माझी जुनी टोपी घालून फोटो काढायचो. माझ्या आठवणीत त्या टोपीचा फोटो होता, आणि त्याच्या आठवणीत ते आलेख.

चार पिढ्यांची यादी मी मेसमध्ये, युनिटच्या कार्यक्रमात, लग्नाकार्यात किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. त्यात एकाही बाईचं नाव कधी आलं नव्हतं.

सोमवारी रात्री फोन केला. आधी हिच्याशी बोललो. "बुधवारी मी चुकलो," म्हणालो. ती म्हणाली, "अहो, मला कशाला सांगताय? त्याला सांगा." मग तो आला. मी घराणं संपण्याचे ते शब्द मागे घेतो म्हणालो. तो "ठीक आहे बाबा" म्हणाला. त्यानंतर काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, म्हणून मी त्याला शिंगराची गोष्ट सांगितली. म्हण त्याने ऐकलेली होती, गोष्ट पूर्ण ऐकलेली नव्हती.

तो म्हणाला, "मग त्या शिंगराचं पुढे काय झालं?"

"नगरच्या एका टांगेवाल्याने घेतलं. स्टेशन ते माळीवाडा. अकरा वर्षं ओढला त्याने टांगा. पणजोबा बाजारच्या दिवशी गुळाचा खडा घेऊन जायचे त्याला द्यायला."

"म्हणजे नापास नव्हतं ते."

"रिमाउंटला नापासच होतं," मी म्हणालो. "टांग्याला पास."

तो हसला. पाच दिवसांनी पहिल्यांदा.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता मी कामावर होतो. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. दुखलं नाही असं म्हटलं तर या जागेवर खोटं लिहिल्यासारखं होईल. दुखलं. पण मुलाच्या हातात न भरलेला फॉर्म आहे म्हणून नाही. इतकी वर्षं मी त्याच्यात फक्त माझाच चेहरा शोधत होतो, हे उशिरा कळलं म्हणून.

गेल्या रविवारी पुन्हा सरस्वती महालात गेलो. रावांना म्हणालो, "राव, तुम्ही म्हणालात ते खरं, घोडा इथे जमिनीवर राहत नाही." ते चष्मा पुसत म्हणाले, "पण पोथी राहते." आणि मोडी कागदाचं पुढचं पान उलटलं.

दिवाळीला माय-लेक इथे येणार आहेत. त्यांना देऊळ दाखवायचं आहे, आणि ती घोड्यांची पानं. भिंतीवरची वंशावळ चिरंजिवांनीच वाचावी. मी वाचून दाखवणार नाही.

जय हिंद.